बालकांच्या हातांना उद्योग



चार-पाच वर्षांचे मूल ज्या घरात आहे, त्या घरात दिवसातून दहा वेळा एकच प्रश्न उभा राहतो: "याला आता काय द्यावे?" आई कामात गुंतलेली असते, वडील बाहेर निघण्याच्या घाईत असतात, आणि मूल तर स्वस्थ बसावयास तयार नसते. या प्रश्नाची तीन उत्तरे हल्ली घरोघर तयार आहेत. पहिले उत्तर बाजारातून आणलेले खेळणे, दुसरे मोबाईलचा पडदा, आणि तिसरे म्हणजे चित्रे रंगविण्याची, ठिपके जोडण्याची व अक्षरे गिरविण्याची छापील पाने. हे तिसरे उत्तर सुशिक्षित कुटुंबांना विशेष पसंत पडते, कारण त्यात खेळ आणि अभ्यास दोन्ही साधल्यासारखे वाटते.

या तिन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. वस्तू दुसऱ्या कोणी तरी तयार केलेली असते आणि मुलाने तिचा उपयोग तेवढा करावयाचा असतो. आज मी चौथ्या उत्तराविषयी बोलणार आहे. मुलाला तयार वस्तू देण्याऐवजी वस्तू करण्याचे साहित्य द्यावे, आणि तेही अंगणातले, शेतातले व स्वयंपाकघरातले द्यावे, हे ते उत्तर होय. छापील पानाचा मी शत्रू नव्हे. त्याला जागा आहे. मात्र ती हाताच्या कामाच्या मागून आहे, पुढे नव्हे.

असे का म्हणावे? लिहिणे हे केवळ बोटांचे काम आहे अशी आपली समजूत असते. खरे पाहता खांदा, कोपर, मनगट आणि बोटे हे सर्व एका विचाराने हलू लागतील तेव्हाच अक्षर उमटते. मनगटात आठ लहान अस्थी असतात. जन्माच्या वेळी त्या सर्व मऊ कूर्चेच्याच असतात. पुढे एकामागून एक त्यांत हाड धरू लागते, आणि शेवटच्या अस्थीत ते धरण्यास बहुधा नववे-दहावे वर्ष उजाडते. अशा कोवळ्या हातात तिसऱ्या वर्षीच पेन्सिल देऊन आपण त्याला रेषेवर चालावयास सांगतो. शाळामास्तर म्हणून माझा बहुतेक काळ पहिली-दुसरीच्या वर्गांत गेला. पेन्सिल हातात येताच ज्यांचे डोळे भरून येत, अशा मुलांकडे पाहून माझी अशी खात्री झाली आहे की, त्यांतील पुष्कळशी बुद्धीने मुळीच मंद नसतात. त्यांच्या हातांना मळणे, सोलणे, पिळणे, ओवणे, फाडणे ही कामे कधी मिळालेलीच नसतात. मुलाचा पहिला वर्ग बिघडतो, 'तुझे अक्षर वाईट' हे शब्द त्याच्या मनात घर करून बसतात, आणि पुढे कित्येक वर्षे ते पुसले जात नाहीत. म्हणून या विषयाला मी केवळ करमणुकीचा विषय मानीत नाही.

हा विचार काही माझा नव्हे. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रेबेल यांनी १८३७ साली बालकांसाठी जी संस्था काढली, तिलाच पुढे 'किंडरगार्टन' हे नाव मिळाले. तीत कागदाच्या घड्या घालणे, पट्ट्या विणणे, माती मळणे या उद्योगांना मानाचे स्थान होते. रोममध्ये मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली आपले पहिले बालगृह उघडले आणि मुलाची बुद्धी त्याच्या हातांतून वाढते, हे शास्त्रीय पद्धतीने दाखविले. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. तेथे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पण एक अडचण उरली होती. माँटेसरीबाईंची साधने सुबक खरी, परंतु महाग. ती शहरातील मोजक्या शाळांना परवडत. खेड्यातील मुलाने काय करावे?

या अडचणीतून ज्यांनी वाट काढली, त्यांतील एक बाई आपल्या बारामती तालुक्यातल्या होत्या, हे पुष्कळांस ठाऊक नसते. अनुताई वाघ यांचा जन्म १७ मार्च १९१० रोजी मोरगाव येथे झाला. अष्टविनायकांतील मयूरेश्वराचे, कऱ्हेकाठचे मोरगाव ते हेच. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आतच वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य तेथेच थांबावयाचे. परंतु त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि १९४५ साली ताराबाईंबरोबर ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाच्या कार्यास लागल्या. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तो भाग आज पालघर जिल्ह्यात मोडतो. तेथील आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी शाळाच मुलांकडे नेली. मुलांच्या अंगणात भरणारी ती 'अंगणवाडी', आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर भरणारी ती 'कुरणशाळा'. महागड्या साधनांची जागा तेथे शिंपल्यांनी, बियांनी, पानांनी, खड्यांनी आणि मातीने घेतली. ताराबाई १९७३ साली वारल्या. त्यानंतर अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, ते व्रत चालविले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. त्या शब्दामागचे तत्त्व मात्र आपण शहरातील घरांत अजून नीटसे आणलेले नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिले साहित्य माती. बेंदूर किंवा पोळा जवळ आला म्हणजे आपण बाजारातून साच्यातले रंगीत बैल आणतो. यंदा एक जोडी घरी करून पाहावी. आपल्याकडची काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेतात भेगा पडतात त्या याचमुळे. म्हणून नुसत्या काळ्या मातीचा बैल वाळताना तडकतो. माती रात्रभर भिजवावी, गाळून खडे काढावे, आणि तिच्यात सुमारे चौथा हिस्सा चाळलेली राख अथवा बारीक वाळू मिसळून कणकेसारखी मळावी. मळण्याचे काम मुलाचेच. त्यातच निम्मे शिक्षण आहे.

तीन वर्षांच्या मुलाकडून बैलाची अपेक्षा करू नये. त्याला गोळा, वळी आणि पोळी ही तीन रूपे करू द्यावीत. गोळ्याचे लाडू होतात, वळीला वेटोळे दिले की नागपंचमीचा नाग होतो, पोळीच्या कडा वर उचलल्या की पणती होते. पाच वर्षांचे मूल याच तीन रूपांतून बैल उभा करते. पाय वेगळे करून चिकटविण्यापेक्षा गोळ्यातूनच ओढून काढावेत, म्हणजे ते गळत नाहीत. शिंगे लावावयाची झाल्यास जोडाच्या दोन्ही बाजू काडीने खरवडून त्यावर पातळ चिखल लावावा. वस्तू उन्हात न ठेवता सावलीत वाळवावी. सदनिकेत राहणाऱ्यांना माती मिळत नसेल तर दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ आणि लागेल तेवढे पाणी घेऊन घट्ट गोळा मळावा. मिठामुळे तो लवकर नासत नाही. मात्र तो खावयाचा नव्हे, हे मुलाला आधी बजावावे.

दुसरे साहित्य ज्वारीचे धाट. मोरगाव-सुप्याच्या जिराईत पट्ट्यात शाळूचा कडबा आजही मिळतो. वाळलेल्या धाटाची साल सोलली की आतला पांढरा, हलका गाभा निघतो. त्याला आपल्याकडे भेंड म्हणतात. सालीच्या बारीक काड्या या खिळ्यांसारख्या भेंडात टोचता येतात. डिंक नको, दोरा नको. भेंडाचे दोन तुकडे आणि वाकविलेल्या चार काड्या यांचा चष्मा होतो. तुकडे वाढवीत गेले की बैलगाडी होते. साल धारदार असते आणि बोट कापते, म्हणून सोलण्याचे काम मोठ्यांनी करावे व मुलांना तयार काड्या द्याव्यात. सहा-सात वर्षांच्या मुलाला या गाडीत एक मोठा धडा मिळतो. आस सरळ बसला नाही तर चाक फिरत नाही, आणि हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

येथे आपल्या भागातील एका बदलाची नोंद केली पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा आला. पुढे १९८० साली भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले. बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत पाणी आले, ऊस आला आणि समृद्धीही आली, याचा आनंदच आहे. परंतु बागाइतीच्या गावांतून ज्वारी मागे हटली आणि तिच्याबरोबर धाटाची गाडी करण्याची कलाही मागे पडली. आजोबांच्या बोटांना ती अजून येते, नातवाला ती ठाऊकही नसते. ज्यांच्या घरी असे आजोबा किंवा आजी आहेत, त्यांनी त्यांना एका रविवारी कडब्याची पेंढी आणून द्यावी. पुस्तकातून ही गोष्ट शिकता येत नाही, ती हातातून हातातच जाते.

तिसरे साहित्य पाने आणि भाज्या. पिंपळाचे चांगले पिकलेले पान तीन-चार आठवडे पाण्यात ठेवावे व मधून मधून पाणी बदलावे. पानाचा गर कुजून सुटतो; मग जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने हलकेच धुतले की शिरांची नाजूक जाळी तेवढी उरते. घाई करणाऱ्या मुलाला वाट पाहावयास शिकविणारा असा दुसरा उद्योग मला ठाऊक नाही. भेंडी आडवी कापली की बहुधा पाच पाकळ्यांचे फूल दिसते. ते रंगात बुडवून कागदावर उठवावे. अर्ध्या बटाट्यावर मोठ्यांनी कोरून दिलेले नक्षीकाम, कांद्याची वर्तुळे, पानाच्या मागील बाजूच्या शिरा, या सर्वांचे ठसे उमटतात. छापखाना म्हणजे काय, हे ज्याने भेंडीने शंभर फुले छापली त्या मुलाला वेगळे समजावून द्यावे लागणार नाही. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवावा आणि त्यावर साबणाच्या पाण्याने चित्र काढावे. पिवळ्यावर तांबूस रेघ उमटते, आणि लिंबाच्या रसाचा थेंब लावला की ती पुन्हा पिवळी होते. जादू पाहून मूल 'का?' असे विचारील, तेव्हा उत्तराची घाई न करता "आणखी कशाने होते, पाहू या" असे म्हणावे.

चौथे साहित्य जुना कागद. कात्रीच्या आधी फाडणे शिकवावे, कारण फाडताना दोन्ही हातांची बोटे परस्परविरुद्ध दिशांनी चालतात. फाडलेल्या रंगीत तुकड्यांचे चिकटचित्र चार वर्षांच्या मुलाला सहज जमते. इंदापूर तालुक्यात भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. ते पाहून आल्यावर गुलाबी कागदाचे तुकडे आणि खराट्याच्या दोन काड्या पुढे ठेवाव्यात. लांब पायांचा पक्षी मूल आपणच उभा करील. चिकटविण्यासाठी एक चमचा मैदा एक पेला पाण्यात कालवून, मंद आचेवर शिजवून खळ करावी. कीड लागू नये म्हणून जिल्द बांधणारे खळीत मोरचूद घालतात. तो विषारी आहे, मुलांच्या खळीत तो मुळीच घालू नये. त्याचप्रमाणे लाल-काळ्या गुंजा दिसावयास कितीही सुंदर असल्या तरी त्याही विषारी आहेत. त्या मुलांच्या हाती देऊ नयेत, आणि तीन वर्षांखालील मुलाजवळ चिंचोके, मणी यांसारख्या गिळता येणाऱ्या वस्तू ठेवू नयेत.

आता छापील पानांकडे येऊ. ही पाने नवी वाटतात, पण त्यांचे पूर्वज आपल्या घरांत होतेच. ठिपके जोडण्याचे पान म्हणजे उंबऱ्यापुढची ठिपक्यांची रांगोळी. अक्षर गिरविण्याचे पान म्हणजे धूळपाटी. फरक एवढाच की, धूळपाटीवरची चूक हात फिरविला की नाहीशी होते, तर कागदावरची चूक सर्वांस दाखविण्यासाठी मागे राहते. म्हणून अक्षराची सुरुवात परातीत पसरलेल्या रव्यावर अथवा बारीक वाळूवर बोटाने व्हावी, आणि ते वळण हाताला बसल्यावर मग छापील पान यावे. जुन्या दिनदर्शिकेतील मोठे आकडे कापून प्रत्येकापुढे तितके चिंचोके मांडावयास सांगावे. मनाजोगते छापील चित्र जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर चिकटवून त्याचे प्रथम चार, मग सहा, मग नऊ तुकडे करावे आणि मुलाला ते जुळवू द्यावे. अशा रीतीने तेच पान एका सकाळपुरते न राहता महिनाभर पुरते. रंगविण्याचे पान दिलेच तर त्याच्या शेजारी एक कोरे पानही द्यावे. छापील रेषेबाहेर रंग गेला म्हणून ज्या मुलाला बोलणी बसतात, त्याच मुलाला कोऱ्या पानावर रेषा आपली असते.

सर्वांत कठीण भाग आता सांगावयाचा आहे, आणि तो मुलांसाठी नसून आईबापांसाठी आहे. बसते वेळी मुलाच्या शेजारी बसावे, पण हात आपल्या मांडीवर ठेवावेत. शाळेत नेण्याचे 'प्रकल्प' आदल्या रात्री वडील करतात आणि सकाळी मूल ते मिरवीत नेते, हा प्रकार सर्वत्र आहे. त्यात बक्षीस मिळाले तरी मूल मनात एकच गोष्ट शिकते: आपल्या हातचे काम दाखविण्याजोगे नाही. मुलाचा बैल कुत्र्यासारखा दिसला तरी चालेल. "हे काय केलेस?" असे विचारण्यापेक्षा "मला याच्याविषयी सांग" असे म्हणावे. मूल सांगू लागते, शब्द शोधते, आणि हस्तकलेच्या तासाला भाषेचा तास आपोआप जोडला जातो. काम झाल्यावर फडके मुलाच्याच हाती द्यावे. पसारा आवरणे हाही त्याच कामाचा शेवटचा भाग होय.

जे आज आम्ही शिक्षक सांगतो, त्याला आता राज्यकर्त्यांच्या धोरणाचाही आधार आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळ व कृती यांवर भर दिला. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी करून दाखविली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा टाकाऊ वस्तूंतून मुलांना शिकविणे हे कमीपणाचे आहे, अशी शंका कोणी बाळगू नये.

शेवटी एक विनंती. दिवाळीच्या सुमारास माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडणीची कुटुंबे येऊन उतरतात. बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून ती येतात आणि उन्हाळा लागेपर्यंत कोप्यांतून राहतात. आईबाप पहाटे फडात जातात. लहान मुले त्यांच्यामागे जातात किंवा कोपीत राहतात. ज्या वयाबद्दल आपण इतका वेळ बोलत आहोत, त्या वयाचे हे प्रत्येक वर्षाचे अर्धे दिवस होत. बोर्डी-कोसबाडला ताराबाई आणि अनुताई ज्या मुलांकडे गेल्या, त्यांच्यापेक्षा ही मुले निराळी नाहीत. आपल्या घरी दिवाळीचा किल्ला होतो, त्यावर चार दिवस आधी हळीव पेरून हिरवळ केली जाते, मावळे मांडले जातात. पुढील दिवाळीला आपल्या मुलांबरोबर एखाद्या तळावर जावे, तेथील अंगणवाडी सेविकेशी बोलावे, आणि दोन्हीकडच्या मुलांनी मिळून एक किल्ला करावा. त्यासाठी दगड, माती, थोडे पाणी आणि दोन तासांचा वेळ एवढेच लागते. त्या मुलांच्या बापांनी आयुष्यभर माती हाताळलेली असते. आपली मुलेच त्यांच्याकडून पुष्कळ शिकून येतील.

या आठवड्यात एवढे करावे: एक परात रवा, एक गोळा माती किंवा कणीक आणि एक जुने वर्तमानपत्र मुलापुढे ठेवावे, व मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. पहिल्या दिवशी मूल कंटाळेल, दुसऱ्या दिवशी कुरकुरेल. तरीही साहित्य तेथून उचलू नये.